पिकनिकच्या डब्यातल्या गोड-तिखट भरल्या मिरच्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर लागला की आमच्या इमारतीत पिकनिकचं टुमणं सुरू होतं. कोण पुरी-भाजी आणणार, कोण ढोकळा, याच्या वाटण्या होतात आणि माझ्या वाट्याला न विचारता मिरच्या येतात. मग ‘कशा केल्यास?’, ‘आमच्या गळगळीत का होतात?’ हे प्रश्न पुढचा आठवडाभर जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी चालू राहतात. तेच इथे लिहून काढले आहेत. एक गोष्ट आधीच सांगते, बाकीची बरीचशी उत्तरं तिच्यातूनच निघतात: घरी ताटात वाढायची भरली मिरची वेगळी आणि चार तासांनी झाडाखाली, गार, एका हाताने खायची मिरची वेगळी. दुसरीचा शत्रू एकच, पाणी.

मिरची कुठली घ्यायची?

भावनगरी. लांब, फिकट पोपटी, जाडसर सालीची, भज्यांसाठी वापरतात ती. तिच्या पोटात सारण मावतं, साल शिजल्यावरही अंग धरून राहते आणि तिखटपणा बेताचा असतो. दादर स्टेशनबाहेर किंवा ग्रँट रोडच्या भाजी गल्लीत सकाळी गेलात तर निवडून घेता येते. दुपारी उरतात त्या वाकड्या आणि सुरकुतलेल्या. वाकडी मिरची चवीला काही वाईट नसते, पण चिरताना ती हमखास फाटते.

निवडताना तीन गोष्टी बघायच्या. देठ हिरवा आणि घट्ट हवा, कारण खाताना तीच मूठ. साल ताणलेली हवी. आणि सगळ्या मिरच्या साधारण एकाच मापाच्या हव्यात, नाहीतर तव्यावर एक करपते आणि शेजारची कच्ची राहते. पाव किलोत १० ते १२ येतात.

पातळ, गडद हिरव्या मिरच्या घेऊ नका. त्या ठेच्यासाठी.

ढोबळी मिरची चालेल का? त्या लाल-पिवळ्या?

चालेल, पण छोटी मिळाली तर. मुठीत मावेल एवढी. मोठी ढोबळी भरली की ते जेवण झालं, चटकमटक नाही राहिलं. शिवाय मोठीला सुरीने कापावं लागतं आणि पिकनिकला सुरी कोणीतरी विसरतंच.

ढोबळी आणि भावनगरी या वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकाच जातीच्या, कॅप्सिकम ॲन्युअम. फरक तिखटपणाचा. अमेरिकन औषधशास्त्रज्ञ विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ साली मिरचीचा तिखटपणा मोजायची पद्धत काढली. त्या मापावर ढोबळी शून्यावर बसते. लाल ढोबळी म्हणजे बहुतेक वेळा हिरवीच, झाडावर पूर्ण पिकू दिलेली, म्हणून ती गोड लागते आणि महाग पडते. गोड-तिखट सारणाला लाल उत्तम, कारण निम्मा गोडवा तिचा स्वतःचा असतो. गूळ मग निम्मा करा. हिरव्या ढोबळीला एक कडवट झाक असते. ती मला आवडते, घरात बाकी कोणालाही नाही.

ढोबळीत पाणी जास्त, हे मात्र लक्षात ठेवा. त्याचा उपाय पुढे येतो.

सारणाचं प्रमाण सांगा. ‘अंदाजे’ नको.

अंदाजेच करतात हो सगळे. पण एकदा मोजून घातलं, ते असं. पाव किलो भावनगरी मिरच्यांसाठी:

बेसन अर्धी वाटी, दाण्याचं कूट अर्धी वाटी, किसलेलं सुकं खोबरं पाव वाटी, पांढरे तीळ २ पोह्याचे चमचे, बारीक किसलेला गूळ ३ पोह्याचे चमचे, आमचूर दीड चहाचा चमचा, लाल तिखट १ चहाचा चमचा, गोडा मसाला १ चहाचा चमचा, धने-जिरे पूड १ चहाचा चमचा, हिंग, हळद, मीठ आणि तेल २ पोह्याचे चमचे.

बेसन कोरडंच, मंद आचेवर सात-आठ मिनिटं भाजा. रंगाकडे बघू नका, वासाकडे बघा. लाडवाचं बेसन भाजताना घरभर जो खमंग वास सुटतो, तो आला की गॅस बंद. इथे घाई केलीत तर सारण टाळूला चिकटतं आणि कच्च्या पिठाची चव शेवटपर्यंत जात नाही. तीळ आणि खोबरं वेगवेगळं भाजा. खोबरं डोळ्यांदेखत जळतं. मग तेल गरम करून त्यात हिंग-हळद टाका आणि ते बेसनावर ओता. बाकी सगळं मिसळा, पण गूळ मात्र मिश्रण पूर्ण गार झाल्यावरच. गरम पिठात घातला की तो वितळतो, गोळे होतात आणि सारण चिकट होतं.

बरोबर झालंय हे कसं ओळखायचं? मुठीत दाबलं तर मूठ वळली पाहिजे आणि बोटाने ढकललं की फुटली पाहिजे. वळत नसेल तर चमचाभर तेल घाला. पाण्याचा हात लावायचा नाही. सासूबाई चिंचेचा कोळ घालायच्या आणि चवीला तो आमचूरपेक्षा सरस, यात वाद नाही. पण त्यांच्या मिरच्या तव्यावरून थेट पानात येत. डब्यासाठी आमचूर.

गुळाऐवजी साखर घातली तर?

पिठीसाखर चालते, चव मात्र सपाट होते. गुळाला जो किंचित खारट, मातकट सूर असतो, त्यामुळेच तिखटाशी त्याचं जमतं. गूळ घ्यायचा तर कोरडा, कडक घ्या. मऊ चिक्कीचा गूळ हवेतलं पाणी पटकन ओढतो आणि मुंबईच्या हवेत पाण्याला तोटा नाही. खजूर बारीक चिरून घालणारेही आहेत. छान लागतो, पण प्रमाण कमी ठेवा.

ओला नारळ?

नाही. पिकनिकच्या डब्यात नाही. दमट उन्हात तो सगळ्यात आधी आंबतो.

चिरायची कशी? बिया काढायच्या का?

देठ ठेवून एका बाजूने उभी चीर द्या. देठाखाली एक बोट आणि टोकाला एक बोट जागा सोडा. टोकापर्यंत चिरलीत तर मिरची पुस्तकासारखी उघडते आणि सारण तव्यावर.

तिखटपणा बियांत असतो, हा समज घरोघर आहे. खरं म्हणजे मिरचीचा जाळ ज्याने होतो ते कॅप्सेसिन, बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या पडद्यात तयार होतं. बियांना ते लागतं ते शेजाराने. म्हणून बिया टिचकीने उडवल्या आणि पांढऱ्या शिरा तशाच ठेवल्या, तर काम अर्धवट झालं. चहाच्या चमच्याच्या दांड्याने शिरा खरवडून काढा. ज्यांना झणझणीत हवी, त्यांच्यासाठी चार मिरच्यांत शिरा ठेवा आणि त्यांचे देठ अर्धे कापून खूण करा. ही खूण सगळ्यांना आधी सांगायची. एकदा मी सांगायला विसरले आणि नेमकी खुणेची मिरची भाच्याच्या तोंडात गेली.

आता पाण्याचा उपाय. आतून बोटाने मीठ लावा आणि चीर खाली करून मिरच्या ताटात पालथ्या ठेवा. १५-२० मिनिटांत ताटात पाणी दिसेल, मीठ ते ओढून काढतं. आतून स्वच्छ कापडाने पुसा आणि मगच भरा. ढोबळीला अर्धा तास द्या. हे मीठ लक्षात ठेवून सारणात मीठ कमी घाला.

हाताची आग होते. काय लावू?

आधी तेल, मग साबण. कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात नाही. त्यामुळे नुसते नळाखाली हात धरून उपयोग होत नाही. चिरायच्या आधीच बोटांना खोबरेल चोळलंत तर बरंच निभावतं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी मिरच्या दुसऱ्याकडून चिरून घ्याव्यात. गंमत नाही, रात्री लेन्स काढताना कळतं.

तवा, कढई, ओव्हन की एअर फ्रायर?

माझं मत तव्याच्या बाजूने. जाड बुडाचा तवा, दोन चमचे तेल, मोहरी तडतडू द्या, मिरच्या चीर वर ठेवून लावा. झाकण ठेवून मंद आचेवर सहा-सात मिनिटं, मग झाकण काढून हळूहळू फिरवत आणखी पाच मिनिटं. झाकण काढल्यानंतरची ही पाच मिनिटं महत्त्वाची, कारण झाकणाखाली धरलेली वाफ तेव्हा उडून जाते. सालीवर काळसर ठिपके आले आणि दाबल्यावर ती किंचित दबली की झालं. पूर्ण मऊ करू नका. गार होताना मिरची आणखी थोडी मऊ होतेच.

एअर फ्रायरमध्ये १८० अंशांवर १० ते १२ मिनिटं, बाहेरून तेलाचा हात लावून. कोरडेपणाच्या हिशेबाने हा तव्याहून सरस आहे, हे कबूल करते. ओव्हनमध्ये २०० अंशांवर १८-२० मिनिटं, छोट्या ढोबळीसाठी तोच चांगला. तळू नका.

सगळं नीट केलं, तरी डबा उघडला तेव्हा मिरच्या पाण्यात बसल्या होत्या. का?

कारण डबा गरम असताना बंद केलात. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आणि दरवेळी उत्तरही हेच असतं. मिरची आतून वाफ सोडत असते. झाकण लागलं की वाफ झाकणाला लागून थेंब होते, थेंब खाली पडतात, सारणातला गूळ आणि मीठ ते पाणी पितात आणि वर सालीतलंही आणखी ओढतात. तासाभरात खमंग सारणाचं पिठलं.

तव्यावरून काढलेल्या मिरच्या ताटात एकावर एक रचू नका. पुरणाची चाळण पालथी घाला आणि तिच्यावर एकेक सुटी ठेवा, म्हणजे खालूनही हवा लागते. पंख्याखाली पाऊण तास. हाताला अजिबात कोमट लागता कामा नये. मग पसरट स्टीलचा डबा घ्या, तळाशी कोरडा सुती रुमाल किंवा पेपर नॅपकिन, त्यावर मिरच्यांचा एकच थर, वर आणखी एक नॅपकिन. दोन थर करायचेच असतील तर मध्ये केळीच्या पानाचा पुसून कोरडा केलेला तुकडा.

सकाळी साडेसहाची बस असेल तर पाऊण तास कुठून काढायचा, असं विचाराल. पुढचं उत्तर वाचा.

आदल्या रात्री करून ठेवल्या तर चालतील?

मी असं करते: सारण दोन दिवस आधी, कोरड्या बरणीत. ते आठवडाभर सहज टिकतं. मिरच्या आदल्या रात्री धुऊन, पुसून, चिरून, शिरा काढून कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये. पहाटे पाचला मीठ, मग भरणं आणि तवा. मीठ निथळेपर्यंत आणि पुढे गार होईपर्यंत आपली तयारी होते.

पहाटे उठणं जमत नसेल तर रात्रीच पूर्ण करा, गार करा, डबा फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी तसाच गार न्या. बाहेर काढून गरम करायच्या फंदात पडू नका. अन्नाला ५ ते ६० अंश सेल्सिअस हा पट्टा धोक्याचा, त्यात जंतू भराभर वाढतात. ओलसर, दूध-दह्याच्या पदार्थांसाठी ठोकताळा असा की बाहेर दोन तास आणि पारा ३२च्या वर असेल तर एकच तास. कोरड्या, गूळ-आमचूर-तेलाच्या सारणाला थोडी सवलत मिळते. पण शिजलेली मिरची ओली आहेच, म्हणून सकाळी केलेल्या मिरच्या मी दुपारच्या जेवणाच्या आत संपवते. परतीच्या वाटेवर उरलेल्यांना हात लावत नाही. एप्रिल-मेमध्ये डब्याशेजारी बर्फाची पिशवी ठेवा.

पनीर, चीज किंवा बटाटा भरला तर?

घरी खुशाल भरा. पनीर कुस्करून, त्यात खजूर, लाल तिखट आणि लिंबू घातलं की झकास लागतं. पण वरचा ठोकताळा नेमका यांच्यासाठी आहे. बटाटा तर पाणी धरून असतो आणि उकाड्यात लवकर खराब होतो. चीज गार झालं की रबरासारखं लागतं. बर्फाची पेटी नेणार असाल आणि पोहोचताच खाणार असाल तर पनीर. एरवी आपलं कूट-बेसन बरं.

हॉटेलात मिळतात तशा वरून चकचकीत, गोड चटका असलेल्या करता येतील का?

दोन चमचे गूळ, चमचाभर व्हिनेगर आणि कुटलेली लाल मिरची उकळून तो पाक शेवटच्या मिनिटाला वरून चोळा. घरी करा. पिकनिकला केल्यात तर हात चिकट, चटई चिकट आणि मुंग्यांना आमंत्रण.

लहान मुलं खातील?

छोट्या लाल ढोबळीच्या खातील. तिखट पाव चमचा, गूळ तेवढाच ठेवा. भावनगरी सौम्य म्हणून मुलांना देऊ नका, कारण तिच्यातही अधूनमधून एखादी जहाल निघते. ऊन, पाण्याचा ताण, तोडणीची वेळ यांवर तिखटपणा बदलतो. एकाच ढिगातल्या दोन मिरच्या बहिणी असल्या तरी स्वभाव सारखा असेलच असं नाही.

आणि तशी जहाल निघालीच तर?

पाणी नको, त्याने जाळ तोंडभर पसरतो. दूध किंवा ताक द्या. दुधातलं केसिन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून घेऊन जातं. साखरेची चिमूट जिभेवर ठेवली तरी आराम पडतो. म्हणून मिरच्यांच्या डब्याबरोबर ताकाची बाटली न्यायचीच.

उपवास, जैन, शेंगदाण्याची ॲलर्जी?

या सारणात कांदा-लसूण मुळातच नाही. गटात कोणाला शेंगदाणा चालत नसेल तर कुटाऐवजी डाळं दळून घाला. तेलही शेंगदाण्याचं वापरू नका आणि तवा वेगळा घ्या. उपवासाला बेसनाच्या जागी राजगिऱ्याचं पीठ भाजून, तीळ-हिंग-हळद-गोडा मसाला गाळून, जिरं आणि सैंधव. ढोबळी मिरची उपवासाला चालते की नाही यावर घराघरांत एकमत नाही, त्यात मी पडत नाही.

२० माणसांना किती लागतील?

माणशी दोन धरल्या तर ४०, पण धरू नका. ५० करा. म्हणजे साधारण सव्वा किलो मिरच्या आणि वरच्या सारणाच्या पाचपट. गूळ-तिखट थेट पाचपट न करता चारपट घालून चव बघा.

प्रवासात काय सांभाळायचं?

लोकलने जाणार असाल तर डबा पाठीवरच्या सॅकमध्ये उभा घालू नका, सगळ्या मिरच्या एका बाजूला गोळा होतात. कापडी पिशवीत आडवा, मांडीवर. आणि गर्दीत झाकण उघडून ‘बघू बरं’ करू नका. हिंग-गोड्या मसाल्याचा वास डब्याभर पसरतो आणि बाकीचे प्रवासी भुकेले असतात.

घारापुरीला गेटवेहून लाँचने सुमारे तासभर लागतो, वर शंभराहून जास्त पायऱ्या चढायच्या. तिथे खरी भीती माकडांची. पहिल्या वर्षी आम्ही चढतानाच थांबून डबा उघडला. एका माकडाने देठाला धरून मिरची उचलली, चावली, आमच्याकडे अत्यंत नाराजीने पाहिलं आणि फेकून दिली. मग दुसरी उचलली. माकडाला खायला देऊ नयेच, आणि डबा उघडा ठेवणं म्हणजे देण्यासारखंच. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही कान्हेरीच्या बाजूला हीच गत. घारापुरी आणि राष्ट्रीय उद्यान दोन्ही सोमवारी बंद असतात, हे बस ठरवायच्या आधी बघा. आमच्यात एका वर्षी कोणीच बघितलं नव्हतं. मिरच्या शेवटी इमारतीच्या गच्चीवर खाल्ल्या.

प्लॅस्टिकच्या ताटल्या-चमच्यांवर बंदी आहे. या पदार्थाला त्या लागतही नाहीत, देठ कशासाठी ठेवला?

सोबत काय छान लागतं?

दशमी. किंवा गार थालीपीठ. ब्रेड नाही.

घरी उरल्या तर?

फ्रिजमध्ये ठेवलेल्या असतील तरच, दुसऱ्या दिवशी. देठ काढून बारीक चिरा, गरम भातात मिसळा, वरून चमचाभर तूप. किंवा पोळीत गुंडाळून ऑफिसच्या डब्यात. नुसतं सारण उरलं तर ते कारल्यात भरा. कारल्याचं आणि या गुळाचं फार चांगलं जमतं.